पार्किंग, गच्ची आणि लेझीम : उन्हाळी सामूहिक व्यायामवर्गांच्या प्रकल्प नोंदी

३० मार्च, रविवार

नागपूरच्या उन्हाळ्यात एकच व्यायाम तीन महिने रेटण्याऐवजी निरनिराळे सामूहिक वर्ग थोडे थोडे करून पाहावेत, असे आज सोसायटीच्या क्रीडा समितीच्या बैठकीत ठरले आणि नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. मागील वर्षीचा योगवर्ग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भरून वाहत होता आणि मेच्या मध्यावर सतरंजी अंथरणारा व शिक्षक असे दोघेच उरले होते, हे सर्वांच्या लक्षात होते. त्यामुळे फारशी चर्चा न होता वर्गणीतून १२,००० रुपये मंजूर झाले.

प्रत्येक प्रकाराला शक्यतो दोन सत्रे द्यायची आहेत. पहिल्या सत्राची हजेरी मी लिहीन, परंतु तिच्यावरून निर्णय होणार नाही. पहिल्यांदा आलेल्यांपैकी किती जण पुन्हा आले, हा आकडा महत्त्वाचा धरायचा, कारण पहिल्या दिवशी माणूस उत्सुकतेने, शेजारणीच्या आग्रहाने किंवा नंतर मिळणाऱ्या पोह्यांच्या ओढीनेही येतो.

वेळेचा पेच आताच दिसतो आहे. आज सूर्योदय सहा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास झाला, पण मेच्या मध्यावर तो पाच पस्तीसला होईल आणि सात वाजता ऊन चटके देऊ लागेल. दुसरीकडे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्या जागी ध्वनिक्षेपक लावता येत नाही. म्हणजे संगीतावर चालणाऱ्या वर्गाला सहा ते सात हा जेमतेम एक तास मिळणार.

६ एप्रिल, रविवार

झुंबाचे, म्हणजे गाण्यांच्या तालावर नाचत करायच्या व्यायामाचे, पहिले सत्र इमारतीखालच्या पार्किंगमध्ये झाले. गाड्या आदल्या रात्री बाहेर काढण्याची सूचना लावली होती. तीन गाड्या तरीही जागेवर होत्या आणि त्यांच्या भोवतीनेच रांगा लावाव्या लागल्या. हजेरी ३४, त्यांत २६ महिला, आठ पुरुष. पुरुष सर्वांत मागच्या ओळीत, खांबांच्या आडोशाला उभे राहिले.

प्रशिक्षक मॅडम बोलून सूचना फारच कमी देतात. हाताच्या इशाऱ्याने दिशा दाखवतात आणि गाण्याचे कडवे बदलले की पावलेही बदलतात, त्यामुळे दोन गाण्यांनंतर पुढचे पाऊल कोणते येणार याचा अंदाज बांधता येऊ लागतो. ज्यांना तो अंदाज येतो ते रमतात. ज्यांना येत नाही ते शेजाऱ्याच्या पायांकडे पाहत अर्ध्या तालाने मागे राहतात, आणि अशी माणसे आज मला किमान दहा तरी दिसली.

पायांतील बुटांबद्दल एक गोष्ट नोंदवून ठेवते. बहुतेकांनी धावण्याचे किंवा चालण्याचे बूट घातले होते. त्यांचे तळवे जमिनीला घट्ट पकडण्यासाठीच बनवलेले असतात. पार्किंगमध्ये खडबडीत पेव्हर ब्लॉक आहेत. कंबरेपासून वळताना शरीर वळते, पाऊल मात्र जागेवर अडकून राहते आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. मॅडमनी पिशवीतून जुने सुती मोजे काढले, एक मोजा बुटाच्या चवड्यावरून पुढच्या अर्ध्या भागापर्यंत चढवला आणि टाच मोकळी ठेवली. मीही तसेच करून पाहिले. चवड्यावर गिरकी सहज घेता येते आणि टाचेची पकड तशीच राहते. सात गिरक्यांत मोज्याला भोक पडले, परंतु गुडघा शाबूत राहिला.

९ एप्रिल, बुधवार

सहा जणींनी नडगीच्या पुढच्या बाजूला दुखत असल्याचे कळवले. सिमेंटच्या जमिनीवर सवय नसताना चाळीस मिनिटे उड्या मारल्याचा हा परिणाम आहे. पुढील सत्रात उडीच्या जागी पाऊल उचलून टेकवण्याचा पर्याय आधीच दाखवावा, असे मॅडमना सांगितले.

१३ एप्रिल, रविवार

झुंबाचे दुसरे सत्र. एकूण हजेरी २३. पहिल्या सत्रातील ३४ पैकी १९ परत आले, चार नवे. मागच्या ओळीतील आठ पुरुषांपैकी एकच आला, आणि तोही चावी विसरल्यामुळे खाली अडकलेला होता, असे नंतर समजले.

परिश्रमाची पातळी मोजण्यासाठी आम्ही यंत्राऐवजी बोलण्याची कसोटी वापरत आहोत. मध्यम व्यायामात माणसाला बोलता येते पण गाता येत नाही, आणि तीव्र व्यायामात काही शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. गाण्याच्या मध्येच मी एकेकाला पाढा म्हणायला सांगितला. सतराचा पाढा 'सतरा चोक अडुसष्ट'पर्यंत एका दमात म्हणणाऱ्यांना मध्यम धरले. दुसऱ्या मजल्यावरील काकू थेट 'सतरा दाहे सत्तरासे' करून मोकळ्या झाल्या, तेव्हा त्या नुसत्याच हात हलवत आहेत हे उघड झाले.

शेजारच्या इमारतीतून आवाजाबद्दल तक्रार आली आहे आणि ती रास्त आहे. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे; मोबाइलमधील मापक फारसा विश्वासार्ह नसला तरी कुंपणाच्या भिंतीपाशी त्याचा आकडा पासष्टच्या वर होता. पुढील वेळी स्पीकरचे तोंड आपल्याच जिन्याकडे वळवायचे आणि सव्वासहाच्या आत सुरुवात करायची नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

काल आंबेडकर जयंती झाली. परवाच्या रात्रीपासून मिरवणुकांचे आवाज खोलीत येत होते. आमच्या मागच्या वस्तीतील लेझीम पथक यंदाही निघाले होते. पथकातील एक तरुण आमच्याकडे दूध पोहोचवतो. लेझीम शिकवशील का, असे त्याला विचारले. जयंती होईपर्यंत त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, आता मात्र तो रविवारी सकाळी येण्यास तयार आहे. मानधन घेण्यास तो संकोचत होता. सत्राला ५०० रुपये देण्याचे समितीने बैठकीत ठरवले. शाळेत वापरतात तशा लाकडी दांड्याच्या हलक्या २० लेझिमा प्रत्येकी १८० रुपयांना घेतल्या. आखाड्यातील जुनी लेझीम बांबूच्या धनुष्याची आणि जड साखळीची असे, ती नवशिक्यांच्या मनगटांना झेपणारी नव्हे.

याच बैठकीत मुलांनी मल्लखांबाची मागणी केली होती. एरंडेल तेल चोळलेला पुरलेला खांब, खाली गाद्या आणि सतत हात देणारा वस्ताद, यांपैकी आमच्याकडे काहीच नसल्यामुळे ती मागणी पुढे ढकलली.

२० एप्रिल, रविवार

लेझीमचे पहिले सत्र. हजेरी अवघी १४, आणि मला वाटले की हा प्रयोग येथेच संपला.

तरुणाने 'हुश्शार' म्हटले, सर्व जण नुसते त्याच्याकडे पाहत राहिले. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरील आजी, वय ६७, गुडघ्याला पट्टा, पुढे आल्या. त्यांनी डाव्या हातात दांडा आणि उजव्या हातात साखळीच्या मध्यावरची मूठ धरली, टाचा जुळवल्या आणि 'चार आवाज, सुरू कर' असे स्वतःच पुकारले. पहिल्या आवाजाला साखळी ताणली, दुसऱ्याला मूठ दांड्याकडे आणली, तिसऱ्याला पुन्हा ताणली, चौथ्याला पुन्हा मिटवली, आणि चारही आवाज अगदी सारखे, जणू घड्याळाचे ठोके. शाळेत असताना अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आलेल्या सरांनी हे बसवून घेतले होते, असे त्यांनी सांगितले. हे मंडळ १९१४ पासून आहे आणि विदर्भातील कित्येक शाळांना व्यायामशिक्षक तेथूनच मिळाले, हे ऐकून होते. त्याचा पुरावा असा आमच्या पार्किंगमध्ये उभा राहील, याची मात्र कल्पना नव्हती.

त्यानंतर पन्नाशीच्या पुढच्या आणखी तिघींना 'आगे फलांग', 'पीछे फलांग' हे शब्द आठवले. मराठी शाळेत हिंदी आज्ञा का, यावर थोडा वाद झाला, पण पाय तोवर चालू लागले होते. तरुण पथकातला असल्यामुळे त्याच्या चाली वेगळ्या आणि वेगवान होत्या, आजींच्या शाळेच्या होत्या. शेवटी पहिली वीस मिनिटे आजींची आणि नंतरची वीस त्याची, अशी वाटणी झाली. वर्ग चालू असतानाच ही वाटणी त्या दोघांनी परस्पर केली, मला कोणी विचारले नाही.

पाढ्याच्या कसोटीत पहिली वीस मिनिटे मध्यम आणि नंतरची तीव्र ठरली. हलगी नव्हती, स्पीकरही नव्हता. चौदा लेझिमांचा आवाजच ताल धरतो. एखादीचा ठोका चुकला तर तो तिला स्वतःला सर्वांत आधी ऐकू येतो. झुंबात मागे पडलेला माणूस डोळ्यांनी शोधतो, येथे कानांनी.

२३ एप्रिल, बुधवार

ताबाता. वीस सेकंद पूर्ण ताकदीने, दहा सेकंद विश्रांती, अशा आठ फेऱ्या, एकूण चार मिनिटे. जपानी संशोधक इझुमी ताबाता आणि सहकाऱ्यांचा १९९६ चा मूळ प्रयोग तरुण, तंदुरुस्त मंडळींवर आणि जागच्या जागी फिरवायच्या सायकलवर झाला होता, ही गोष्ट हा वर्ग विकणारे सहसा सांगत नाहीत. आमच्याकडे ११ जण आले, त्यांतील नऊ जण पस्तिशीच्या आतले. चौथ्या फेरीनंतर कोणी बोलत नव्हते, सतराचा पाढा तर दूरच.

२७ एप्रिल, रविवार

लेझीमचे दुसरे सत्र. पहिल्या १४ पैकी १३ परत आल्या, नऊ नवे आले, एकूण २२. लेझिमा वीसच होत्या, त्यामुळे दोघांनी स्टीलच्या ताटल्या आणि चमचे घेतले. ताटलीचा आवाज लेझिमीत मिसळत नाही, हे पहिल्या मिनिटातच कळले, आणि त्यांना टाळ्यांवर उभे केले.

३० एप्रिल, बुधवार

ताबाताचे दुसरे सत्र. ११ पैकी चार परत आले. या चौघांना तो मनापासून आवडला आहे आणि ते आपसांत चालू ठेवतील. सोसायटीचा वर्ग म्हणून तो येथे थांबवला.

३ मे, शनिवार

पाण्यातील व्यायामाचे पहिले सत्र. शहरातील एका तलावावर महिलांच्या सकाळच्या पाळीत आम्ही बारा जणी गेलो. तिकीट ज्याचे त्याने काढले. बारांपैकी नऊ जणींना पोहता येत नाही, म्हणून छातीपर्यंत पाणी येईल अशा उथळ बाजूला रांग लावली.

कमरेपर्यंत पाण्यात उभे राहिल्यास पायांवर शरीराचे सुमारे निम्मे वजन येते आणि छातीपर्यंत गेल्यास पाव ते एक तृतीयांश. गुडघ्याचा पट्टा काठावर काढून ठेवलेल्या लेझीमवाल्या आजी पाण्यात जागेवर धावल्या. बाहेर त्या जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबतात. कष्ट मात्र कमी नसतात, कारण हात जितक्या वेगाने फिरवावा तितका पाण्याचा अडथळा वाढतो. ज्या जणी जोरात हात मारत होत्या त्यांचा पाढा 'सतरा त्रिक एक्कावन्न'ला तुटला.

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे मेमध्येही अंग तापत नाही. तरीही घाम पाण्यात येतच असतो, फक्त तो दिसत नाही आणि तहानही जाणवत नाही. चाळीस मिनिटांनंतर मी सर्वांना बळेच पाणी पाजले.

नंतरची भर : दुसऱ्या सत्रासाठी गेलो असता मुलांच्या सुट्टीतील तुकड्या सुरू झाल्यामुळे उथळ बाजू आम्हाला मिळणार नाही, असे दारात सांगितले गेले. आगाऊ पैसे परत मिळण्यास तीन फेऱ्या झाल्या. म्हणून या प्रकाराचा 'परत आलेल्यांचा' आकडा माझ्याकडे नाही, आणि तो अंदाजाने लिहिणे योग्य नाही.

८ मे, गुरुवार

आजची नोंद आमच्या चुकीची आहे. नोकरदार मंडळींच्या आग्रहावरून संध्याकाळी सात वाजता गच्चीवर झुंबाच्या पावलांचा सराव ठेवला. सूर्य मावळला होता, वारा होता, म्हणून सर्वांना ठीक वाटले. कठड्यावर ठेवलेला तापमापक ३९ अंश दाखवत होता आणि जमिनीला हात लावला तर तापलेल्या तव्यासारखी धग येत होती, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत ती उष्णता बाहेर टाकत राहतो. दहाव्या मिनिटाला एक काका डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसले.

त्यांना जिन्यात आडवे केले, पाय उशीवर उंच ठेवले, मानेवर व काखेत ओली फडकी ठेवली, पूर्ण शुद्धीवर असल्याची खात्री करून घोट घोट ओआरएस दिले. पंधरा मिनिटांत त्यांना बरे वाटले. बोलण्यात असंबद्धता आली असती किंवा शुद्ध हरपली असती तर तो उष्माघात धरून क्षणभरही न थांबता १०८ ला फोन करायचा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहायचे, हे वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले आहे.

९ मे, शुक्रवार

काकांच्या डॉक्टरांनी सांगितले की त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत शरीरातील पाणी लघवीवाटे कमी करणारे औषध आहे आणि अशांनी उन्हाळ्यात विशेष जपावे. आम्ही नाव आणि फ्लॅट क्रमांक यांखेरीज कोणालाही काही विचारले नव्हते. आजपासून एक पानी अर्ज : कोणती औषधे चालू आहेत, पूर्वी कधी चक्कर आली होती का, घरच्यांचा फोन क्रमांक. संध्याकाळचे सर्व वर्ग बंद. उष्णतेची सवय होण्यास शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून मेमध्ये नव्याने येणाऱ्याने पहिला आठवडा अर्धाच वेळ करायचा. काकांना हे सर्व त्यांच्यामुळे झाले, याचे वाईट वाटते आहे. त्यांच्यामुळे नव्हे, आमच्यामुळे, असे त्यांना सांगून आले.

११ मे, रविवार

झुंबाचे तिसरे सत्र, हजेरी १६. सव्वासहाला स्पीकर चालू केला तर तो रात्रभर चार्जिंगला लावूनही बटण बंद राहिल्यामुळे रिकामाच होता. झुंबाचा जन्मच अशा फजितीतून झाला, असे मॅडम हसून म्हणाल्या : कोलंबियातील काली शहरात बेतो पेरेस हा प्रशिक्षक नव्वदच्या दशकात एरोबिक्सची ध्वनिफीत घरी विसरला आणि त्याने आपल्याजवळ असलेल्या साल्सा व मेरेंगे या लॅटिन नृत्यसंगीताच्या फितींवर वर्ग घेतला. आमच्याकडे तेवढेही नव्हते. मग आजींनी घरून दोन लेझिमा आणल्या, त्यांच्या चार आवाजांवर झुंबाची पावले टाकली गेली, आणि शेजारच्या इमारतीतून प्रथमच तक्रार आली नाही.

आज आणखी एक गोष्ट तपासली. पाच जणांचे वजन वर्गापूर्वी आणि वर्गानंतर, मध्ये पाणी न पिता, एकाच काट्यावर घेतले. ४५ मिनिटांत प्रत्येकाचे ४०० ते ७०० ग्रॅम कमी झाले, म्हणजे जवळपास तेवढे मिलिलिटर पाणी गेले. त्यांतील तिघांनी 'मला घाम आलाच नाही' असे आधी ठामपणे सांगितले होते. नागपूरच्या कोरड्या हवेत घाम दिसण्यापूर्वीच उडून जातो. माझ्या निळ्या कुर्त्याची पाठ हाताला कोरडी लागत होती, पण त्यावर खांद्यापासून खांद्यापर्यंत मिठाची पांढरी रेघ उमटली होती. मुंबईहून आलेल्या एका वहिनींना हे सर्वांत नवे होते. त्यांच्याकडे घाम निथळतो, म्हणून पाणी प्यायची आठवण राहते.

पन्ह्याचा माठ आता वर्गाच्या आधीच खाली येतो. पन्ह्यात साखरेबरोबर मीठही असते, ही आपल्या आज्यांची सोय बाजारातील रंगीत बाटल्यांपेक्षा मला पटते.

१८ मे, रविवार

हास्ययोग. १९९५ साली मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन हा सुरू केला होता. ज्येष्ठांना हाच आवडेल, अशी समितीची खात्री होती. हजेरी १८, परत येऊ म्हणणारे चार. मुद्दाम हसायचे आणि तेही फ्लॅटवाल्या शेजाऱ्यांपुढे, हे ज्येष्ठांनाच सर्वांत अवघड गेले. मुलांनी मात्र भरपूर हसून घेतले, बहुतेक वेळ ज्येष्ठांनाच.

२५ मे, रविवार

आजपासून नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले मानले जाणारे नऊ दिवस. सूर्योदय साडेपाचच्या सुमारास होतो आणि साडेसहाला पार्किंगच्या कडेची जागाही तापू लागते, म्हणून वर्ग पावणेसहाला ओढणे भाग होते. सहापूर्वी स्पीकर लावता येत नाही, आणि लेझीमही वाद्यच असल्यामुळे तीही वाजवायची नाही. तोडगा असा काढला की पहिली पंधरा मिनिटे, कोणताही पुकारा न करता, हाताच्या इशाऱ्यावर सूर्यनमस्कार घालायचे आणि सहाचा ठोका पडला की लेझीम उचलायची. औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा एवढा प्रसार केला, पण ते निमूटपणे घालण्याची वेळ ध्वनिप्रदूषण नियमांमुळे येईल, असे त्यांना वाटले नसेल.

हजेरी २७. एप्रिलच्या पहिल्या लेझीम सत्रातील १४ पैकी १२ आजही होत्या.

एक अनपेक्षित फायदा झाला. पंधरा मिनिटे कोणी बोलत नसल्यामुळे उशिरा येणारेही गुपचूप येऊन शेवटच्या ओळीत उभे राहतात, आणि झुंबाच्या मागच्या ओळीतील त्या आठ पुरुषांपैकी तिघे अशाच रीतीने परतले. सहा वाजता त्यांच्या हातात लेझीम देण्यात आली, तेव्हा त्यांना पळून जाण्यास उशीर झाला होता.

१ जून, रविवार

हिशेब : झुंबा तीन सत्रे ३,००० रुपये, ताबाता दोन सत्रे २,०००, लेझिमा ३,६००, लेझीम शिकवणाऱ्या तरुणाचे चार सत्रांचे मानधन २,०००, ओआरएस व किरकोळ ६४०. एकूण ११,२४० रुपये, शिल्लक ७६०.

समितीच्या बैठकीत झुंबा बंद करावा आणि लेझीमच ठेवावी, असा एक प्रस्ताव आला. मी त्याला विरोध केला. तिसऱ्या सत्रालाही सोळा जणी आल्या होत्या, त्या केवळ तालासाठी आणि गाण्यासाठी येतात, त्यांना लेझिमीच्या रांगेत ढकलून काही मिळणार नाही. महिन्यातून दोन रविवार झुंबा, स्पीकर जिन्याकडे तोंड करून; उरलेले रविवार लेझीम; तलावाशी शाळा उघडल्यावर पुन्हा बोलायचे. हे मान्य झाले.

तीन लेझिमांच्या साखळीतील चकत्या गळल्या आहेत आणि एकीच्या दांड्याला चीर गेली आहे. तरुणाने त्या वस्तीतील पथकाच्या दुरुस्तीवाल्याकडे नेल्या आहेत. शिल्लक ७६० रुपयांतून तेवढे भागेल, असा त्याचा अंदाज आहे. आजींनी मात्र आपली लेझीम दुरुस्तीला दिलेली नाही. तिच्यातील एक चकती सैल आहे आणि तिसरा आवाज किंचित उशिरा येतो, पण तो त्यांना आवडतो.